पीआरचं घड्याळ कधी सुरू होतं?
वाचकांचे प्रश्न : जर्मनीत शिकल्यानंतरचं कायम वास्तव्य

जर्मनीत शिकणारी मुलं आणि इथले त्यांचे पालक यांच्याकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. जर्मनीच्या वास्तव्य कायद्यातल्या कलमांचे आकडे मुद्दाम दिले आहेत. ते तुमच्या कार्डावर छापलेले असतात आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातला कर्मचारीही त्याच आकड्यांत बोलतो. पगाराच्या मर्यादा 2026 सालच्या आहेत. त्या दर जानेवारीला बदलतात.

मुलगी ऑक्टोबर 2024 मध्ये श्टुटगार्टला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी गेली. इथल्या सल्लागारांनी सांगितलं होतं, की जर्मनीत पाच वर्षं झाली की पीआर मिळतोच. मग 2029 धरून चालायचं का?
— एक पालक, सांगली

‘मिळतोच’ हा शब्द आधी काढून टाका. जर्मनीत वर्षं भरली म्हणून घरी कार्ड येत नाही. अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक अट कागदावर दाखवावी लागते.

पाच वर्षांचा नियम आहे, तो कलम 9 चा. पण त्यात शिक्षणाचा काळ निम्माच धरतात आणि पेन्शन विम्याचे 60 महिने भरलेले लागतात. तुमच्या मुलीसाठी तो रस्ता लांबचा आहे. जर्मन विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांसाठी कलम 18सी मध्ये जवळची वाट दिली आहे: कुशल कामगाराच्या परवान्यावर दोन वर्षं, पेन्शन विम्याचे 24 महिने, बी1 म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन, तिथल्या कायद्याची आणि समाजव्यवस्थेची ओळख, राहायला पुरेशी जागा, आणि अर्ज करताना हातात नोकरी.

यातली दोन वर्षं कुठून मोजायची, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. विमानातून उतरल्यापासून मोजत नाहीत, पदवी मिळाल्यापासूनही नाही. सध्या तिच्या कार्डावर कलम 16बी असेल. तो विद्यार्थी परवाना आहे आणि या दोन वर्षांत तो शून्य धरतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी कलम 20 खाली 18 महिन्यांपर्यंत परवाना मिळतो. तोही शून्य. नोकरी लागून कलम 18बी चा (पदवीधर कुशल कामगाराचा) परवाना किंवा कलम 18जी चं ब्लू कार्ड (ठरावीक पगाराच्या वरच्या पदवीधरांचा परवाना) हातात आलं, की घड्याळ सुरू होतं.

तुमच्या तारखा घालून पाहू. मास्टर्स कागदावर चार सेमिस्टरचं असतं, पण इंजिनिअरिंगमध्ये इंटर्नशिप आणि थीसिस धरून पाच सहज होतात. म्हणजे मार्च 2027. सहा महिन्यांत नोकरी लागून सप्टेंबर 2027 मध्ये 18बी मिळाला, तर सप्टेंबर 2029 मध्ये अर्ज करता येईल. नोकरी शोधण्यात सगळे 18 महिने गेले, तर सप्टेंबर 2030. सल्लागारांचा आकडा जवळपास जुळला हा योगायोग आहे. त्यांनी सांगितलेल्या कारणानं तो जुळलेला नाही.

आणखी एका गोष्टीत मुलं स्वतःचे महिने घालवतात. कलम 20 वर असताना कुठलंही काम कितीही तास करता येतं. त्यामुळे इंजिनिअरची नोकरी लागली तरी कामावर जायला कसलाच अडथळा नसतो, आणि मूल निवांत होतं: ‘परवाना संपायला अजून वर्ष आहे, तेव्हा बदलून घेऊ.’ ते वर्ष फुकट जातं. पेन्शनचे महिने जमा होतात, पण कुशल परवान्याचे होत नाहीत. नोकरीच्या करारावर सही झाली, की त्याच आठवड्यात 18बी किंवा ब्लू कार्डचा अर्ज गेला पाहिजे. त्यासोबत नोकरीच्या स्वरूपाचा एक छापील फॉर्म लागतो, ‘एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस’. तो कंपनीनं भरायचा असतो. एचआरकडे तो पहिल्याच दिवशी मागावा, कारण अर्ज अडला तर बहुधा त्याच कागदापाशी अडतो.

नोकरीही शिक्षण लागणारीच हवी. गोदामातलं किंवा घरपोच डिलिव्हरीचं काम पूर्णवेळ असलं आणि पगार चांगला असला, तरी त्यावर 18बी मिळत नाही. तसं काम पदवीच्या विषयातलंच असायला हवं अशी सक्ती मात्र नोव्हेंबर 2023 पासून राहिलेली नाही. मेकॅनिकलची मुलगी खरेदी विभागात किंवा सॉफ्टवेअर चाचणीत लागली, तरी 18बी होऊ शकतो. ब्लू कार्डसाठी मात्र काम पदवीला साजेसं लागतं.

केम्नित्समध्ये एम्बेडेड सिस्टिम्सचं मास्टर्स मागच्या वर्षी झालं. एका कंपनीची ऑफर आहे: वर्षाला 44,200 युरो आणि कामगिरीनुसार 3,000 पर्यंत बोनस. ब्लू कार्ड मिळेल का? नाही मिळालं तर ऑफर सोडावी का?
— एक विद्यार्थी, मूळ गाव इचलकरंजी

2026 साठी ब्लू कार्डची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 50,700 युरो ढोबळ पगार अशी आहे. तुटवड्याच्या व्यवसायांसाठी, आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांसाठी, ती 45,934 युरो 20 सेंट आहे. तुम्ही दुसऱ्या गटात बसता. पण मोजणीत फक्त करारानं पक्का ठरलेला पगार येतो. ‘पर्यंत’ हा शब्द असलेला बोनस धरत नाहीत. त्यामुळे तुमचे 44,200 च धरले जातील आणि ते कमी पडतात.

कंपनीशी एकदा बोला. बोनसमधले 1,800 युरो मूळ पगारात घ्यायला सांगा. पगार 46,000 होतो, मर्यादा पार होते, आणि कंपनीचा एकूण खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. तेरावा पगार देत असतील आणि तो करारात बिनशर्त लिहिलेला असेल, तर तोही धरतात. ही विनंती सही करण्याआधी करायची. सही झाल्यावर एचआरचा कागद हलत नाही.

कंपनी तयार झाली नाही, तरी ऑफर सोडू नका. 18बी ला अशी पगाराची रेषा नाही. 45 वर्षांवरच्या नवख्यांसाठी एक मर्यादा आहे, ती तुम्हाला लागू नाही. रोजगार संस्था फक्त इतकंच पाहते, की पगार आणि कामाच्या अटी स्थानिक माणसाला मिळतात तशाच आहेत ना.

आता दोन्हींतला फरक. ब्लू कार्डवर बी1 जर्मन असेल तर 21 महिन्यांत पीआरचा अर्ज करता येतो, नुसतं प्राथमिक ए1 असेल तर 27 महिन्यांत. 18बी वर, जर्मन पदवी असल्यामुळे, 24 महिन्यांत, पण बी1 हवंच. म्हणजे तुमचं बी1 झालेलं असेल, तर ब्लू कार्डानं फक्त तीन महिने वाचतात. तेवढ्यासाठी चांगली नोकरी हातची घालवण्यात अर्थ नाही. ब्लू कार्डाची खरी किंमत इतर ठिकाणी आहे: नोकरी बदलणं सोपं जातं, आणि ते हातात असेपर्यंत देशाबाहेर जास्त काळ राहता येतं.

वर्ष-दीड वर्षानं पगार वाढला, की पुष्कळजण 18बी सोडून ब्लू कार्ड घेतात आणि लगेच 21 महिन्यांची आशा धरतात. ते 21 महिने ब्लू कार्डाच्या दर्जाच्या नोकरीत काढलेले लागतात. पण 24 महिन्यांच्या वाटेत 18बी आणि ब्लू कार्ड या दोन्हींचा काळ एकत्र मोजतात. तेव्हा 14 महिने 18बी वर काढून ब्लू कार्ड घेतलंत, तर पुढे दहा महिन्यांनी अर्ज करा आणि त्यात ‘कलम 18सी परिच्छेद 1, जर्मन पदवीधर’ असं स्पष्ट लिहा. तसं लिहिलं नाही, तर कर्मचारी ब्लू कार्डाची तारीख पाहून अकरा महिन्यांनी यायला सांगू शकतो.

थीसिसचे सहा महिने उरलेत. जिथे वेर्कस्टुडंट (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी) म्हणून काम करतो, ती कंपनी आत्ताच पूर्णवेळ घ्यायला तयार आहे. भारतातलं बी.ई. आहेच. मास्टर्स सोडून नोकरी घेतली तर पीआर लवकर होईल ना?
— एक वाचक, डार्मश्टाट

उत्तर पगारावर ठरतं. विद्यार्थी परवान्यावरून मध्येच कुशल कामगाराच्या परवान्यावर जाता येतं, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. तुमचं भारतातलं विद्यापीठ ‘अनाबिन’ या जर्मन नोंदीत ‘एच प्लस’ आहे का आणि तुमची पदवी तिथे समकक्ष दाखवली आहे का, हे आधी पाहा.

समजा पगार ब्लू कार्डाच्या रेषेखाली आहे. मग भारतीय पदवीवर 18बी घेतलात, तर पीआरला 36 महिने लागतील, कारण 24 ची सवलत जर्मनीत शिक्षण पूर्ण केलेल्यांनाच आहे. थीसिस पूर्ण केलात तर 6 अधिक 24, म्हणजे 30. सहा महिने ‘वाया घालवून’ तुम्ही सहा महिने आधी पोचता.

पगार ब्लू कार्डात बसत असेल तर पदवी कुठल्या देशाची हे तिथे पाहत नाहीत. आत्ता नोकरी धरलीत, तर आजपासून 21 किंवा 27. पण मग एक सावधगिरी हवी. ही नोकरी गेली आणि पुढची कमी पगाराची मिळाली, तर तुम्ही 36 महिन्यांच्या वाटेवर फेकले जाल. पहिल्या सहा महिन्यांत कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकते. आमचं मत विचाराल तर थीसिस त्याच कंपनीत करा आणि पदवी हातात घेऊन सही करा. कंपनीला तुम्ही खरंच हवे असाल तर ती सहा महिने थांबते.

पेन्शनचे 24 महिने म्हणजे नक्की काय? वेर्कस्टुडंट असताना कापलेले पैसे धरतात का? आणि दोन नोकऱ्यांमध्ये माझा दोन महिन्यांचा खंड पडलाय.
— म्युनिकहून एक वाचक

पगाराच्या पावतीवर ‘आरव्ही’, म्हणजे पेन्शन विमा, अशी ओळ असते. ढोबळ पगाराच्या 9.3 टक्के तुमचे कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. असे 24 महिने तुमच्या नावावर दिसायला हवेत. वेर्कस्टुडंटच्या कामात आरोग्य विम्याची सवलत असली तरी पेन्शनची वर्गणी कापतात, त्यामुळे ते महिने धरतात. मिनीजॉबचे, म्हणजे अगदी कमी पगाराच्या छोट्या कामाचेही धरतात, मात्र तुम्ही वर्गणीतून सूट मागितलेली नसेल तरच. कामावर घेताना सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो सूट-अर्ज असतो. महिन्याला पंधरा-वीस युरो वाचतात म्हणून मुलं त्यावर सही करून टाकतात. करू नका.

महिना मोजण्याची रीत तुमच्या बाजूची आहे. त्या महिन्यात काही दिवसच नोकरी झाली असेल, तरी तो पेन्शनच्या हिशेबात पूर्ण महिना धरतात. म्हणजे 20 तारखेला नोकरी सोडून पुढच्या महिन्याच्या 10 ला नवी धरली, तर खंड दिसतच नाही. तुमचा दोन महिन्यांचा खंड विद्यार्थीकाळातल्या महिन्यांनी भरून निघेल. अडचण आली तर ती परवान्याच्या बाजूनं येऊ शकते. नोकरी नसताना परवाना चालू होता का, त्या खंडाची माहिती कार्यालयाला दिली होती का, हे तपासा.

पुरावा म्हणून ‘डॉयचे रेंटेनफरझिखेरुंग’, म्हणजे पेन्शन विमा संस्थेकडून ‘फरझिखेरुंग्सफरलाउफ’ हा वर्गणीचा उतारा मागवा. तो फुकट मिळतो. ऑनलाइन किंवा फोनवरून मागता येतो आणि टपालानं घरी येतो. त्यात चालू वर्षाचे महिने बहुधा दिसत नाहीत, कारण कंपन्या वर्षाचा अहवाल पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पाठवतात. ऑगस्टमध्ये अर्ज करणाऱ्याच्या उताऱ्यात डिसेंबरपर्यंतचेच महिने असतात आणि अर्ज अपुरा म्हणून परत येतो. जानेवारीपासूनच्या सगळ्या पगारपावत्या सोबत जोडा. नावाचं स्पेलिंगही पाहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, एका कंपनीनं ते लिहिलेलं असतं, दुसरीनं गाळलेलं. कधी त्यामुळे एकाच माणसाचे दोन विमा क्रमांक तयार होतात आणि महिने दोन ठिकाणी विभागले जातात. रेंटेनफरझिखेरुंगला पत्र लिहून ते एकत्र करून घेता येतात, पण वेळ लागतो. तेव्हा उतारा अर्जाच्या सहा महिने आधीच मागवून ठेवा.

जाता जाता, भारतात परत आलेल्यांसाठी. 60 महिन्यांपेक्षा कमी वर्गणी भरलेल्यांना युरोपीय संघ सोडल्यावर दोन वर्षांनी स्वतःच्या वाट्याचे पैसे परत मागता येतात. रक्कम मोहात पाडणारी असते. पण ती घेतली की ते महिने कायमचे पुसले जातात. पुन्हा जर्मनीत जायचा जरासा जरी विचार असेल, तर हात लावू नका. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्ही देशांतला काळ त्याखाली जोडून धरता येतो.

माझा अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत आहे आणि ऑफिसातही इंग्रजी चालतं. बी1 कधी आणि कसं करावं? नागरिकत्वाची ती परीक्षाही द्यावी लागते का?
— एक वाचक, नाशिक (सध्या आखेन)

जे अजून निघाले नाहीत त्यांनी जमल्यास इथूनच ए2, म्हणजे बी1 च्या आधीची पातळी, करून जावं. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात ए1 पासूनचे वर्ग आणि परीक्षा दोन्ही आहेत. तिकडे गेल्यावर पहिल्या सेमिस्टरला विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात नाव घाला. नोकरी लागल्यावर संध्याकाळी सात वाजता वर्गात बसण्याची ताकद कुणाकडे उरत नाही, आणि म्हणूनच 24 महिने भरलेल्या पुष्कळ जणांचं गाडं बी1 पाशी अडतं.

गोएथेच्या बी1 परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. एक भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्या मुलांना लेखन जड जातं, कारण विद्यापीठात जर्मन बोललं तरी लिहायचा प्रसंग येत नाही. रोज एक छोटी ईमेल जर्मनमध्ये लिहायची सवय लावा: घरमालकाला, विमा कंपनीला, डॉक्टरच्या वेळेसाठी. परीक्षेत साधारण हेच विचारतात. टेल्क आणि ओएसडी या दुसऱ्या परीक्षासंस्थांची प्रमाणपत्रंही चालतात. भाषावर्गाच्या शेवटी संस्थेनं दिलेला ‘बी1 पूर्ण केलं’ असा कागद मात्र चालत नाही.

दुसरी परीक्षा ‘लेबेन इन डॉयचलांड’, कायद्याच्या आणि समाजव्यवस्थेच्या ओळखीची. एका तासात 33 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. 30 प्रश्न देशाचे आणि 3 तुमच्या राज्याचे. पीआरसाठी 15 बरोबर आले तरी पुरतं, नागरिकत्वासाठी 17 लागतात. सगळे 300 अधिक राज्याचे 10 प्रश्न आधीच जाहीर असतात. फी 25 युरो. काही कार्यालयं जर्मन पदवीवरच ही अट पूर्ण मानतात. तरी परीक्षा देऊन टाका, 17 बरोबर आले तर पुढे नागरिकत्वाला तोच कागद चालतो. परीक्षा फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात होते आणि तारखा आधी भरून जातात.

मुलाला बर्लिनच्या एका खासगी संस्थेत एमबीए मिळतंय. एजंट म्हणतो खासगी असली तरी फरक नाही.
— एक पालक, फोंडा

खासगी असण्यानं फरक पडत नाही, मान्यतेनं पडतो. संस्था ‘श्टाटलिख आनेरकांट’, म्हणजे राज्यमान्य आहे का ते ‘होखशूलकोम्पास’ या सूचीत पाहा. मग दुसरा प्रश्न लेखी विचारा: पदवी प्रमाणपत्रावर नाव कोणाचं असेल? काही संस्था वर्ग बर्लिनमध्ये घेतात पण पदवी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची देतात. ती जर्मन पदवी धरली जात नाही, आणि मग नोकरी शोधण्याचे 18 महिने आणि पीआरची दोन वर्षांची सवलत दोन्ही धोक्यात येतात. तिसरा प्रश्न: किती तास प्रत्यक्ष वर्गात? बहुतांश ऑनलाइन अभ्यासक्रमावर विद्यार्थी परवाना नाकारला जाऊ शकतो, कारण त्यासाठी जर्मनीत राहण्याची गरजच नाही असं कार्यालय म्हणतं. या तीन उत्तरांचा कागद हातात आल्याशिवाय फीचा हप्ता भरू नका.

पत्र गोव्याहून आलं आहे म्हणून एक गोष्ट विचारतो. घरात कुणी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे का? मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर तो युरोपीय संघाचा नागरिक आहे, आणि या लेखातलं परवान्यांचं सगळं गणित त्याला लागूच होत नाही.

18बी च्या अर्जाला चार महिने झाले. कार्यालय ईमेलला उत्तर देत नाही. जुना परवाना पुढच्या आठवड्यात संपतोय. मी बेकायदा ठरेन का? आणि दिवाळीला घरी येता येईल का?
— फ्रांकफुर्टहून एक वाचक

जुना परवाना चालू असताना अर्ज पोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनाच परवाना त्याच्या सगळ्या हक्कांसह चालू मानला जातो. कलम 81 परिच्छेद 4. त्याचा पुरावा म्हणजे ‘फिक्सिओन्सबेशायनिगुंग’, तो आजच मागा. अर्ज पोचल्याची तारीख असलेली पोच जपून ठेवा. ऑनलाइन अर्ज केला असेल तर पावतीची पीडीएफ.

प्रवास करण्याआधी त्या कागदावर कुठल्या चौकोनात खूण आहे ते वाचा. परिच्छेद 4 वर असेल तर जुन्या कार्डासह भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद 3 वर असेल तर देशाबाहेर पडू नका, परतीला नवा व्हिसा लागेल. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्या, कारण मुंबईच्या काउंटरवर हा कागद कुणाला ओळखता आला नाही तर तुम्ही तिथेच अडकाल.

तीन महिने उलटूनही सबळ कारणाशिवाय निर्णय न दिल्यास प्रशासकीय न्यायालयात ‘उनटेटिशकाइट्सक्लागे’, म्हणजे निर्णय न दिल्याबद्दलची तक्रार, दाखल करता येते. त्याआधी मुदत देणारं एक पत्र रजिस्टर टपालानं पाठवा. पुष्कळदा तेवढ्यानं फाइल उघडते.

मुलाला नोकरीच्या पाचव्या महिन्यात काढलं. आता सगळं शून्यावर आलं का?
— एक आई, कोल्हापूर

नाही. पेन्शनचे महिने कुठेही जात नाहीत. पण पहिले काही दिवस महत्त्वाचे आहेत. नोटीस हातात आल्यापासून तीन दिवसांत त्यानं रोजगार कार्यालयात नोकरी शोधत असल्याची नोंद करायला हवी. आणि नोकरी ठरल्यापेक्षा आधी संपत असल्याचं आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, दोन आठवड्यांत कळवायला हवं. कळवलं तर परवाना गेलाच, या भीतीनं मुलं गप्प राहतात. कंपनीही कळवायला बांधील असते, त्यामुळे लपत काही नाही. पुढच्या अर्जाच्या वेळी मात्र ‘माहिती दडवली’ असा शेरा पडतो. स्वतःहून कळवणाऱ्याला साधारणपणे नवी नोकरी शोधायला काही महिने देतात.

18बी वर नवी नोकरी धरताना पहिल्या दोन वर्षांत आधी परवानगी, मग कामावर हजर. ब्लू कार्डावर पहिल्या 12 महिन्यांत नुसतं कळवायचं असतं. कार्यालय 30 दिवसांपर्यंत बदल थांबवून तपासू शकतं.

पीआर मिळाला. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी आठ महिने पुण्यात राहायचं आहे.
— एक वाचक, हांबुर्ग

सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर पीआर आपोआप संपतो.  जाण्याआधी कार्यालयाकडे जास्त मुदतीची लेखी परवानगी मागा. रुग्णालयाचं पत्र आणि परतीची साधारण तारीख जोडा. गेल्यावर मागितलेली मंजूर होणं फार कठीण. घर सोडून, शहरातली नोंद रद्द करून निघालात तर कायमचे गेलात असा अर्थ काढला जाऊ शकतो, आणि मग सहा महिन्यांचीही वाट पाहत नाहीत. घर भाड्यानं देऊन जा, पण नोंद ठेवा.

लग्न ठरलंय. बायकोलाही माझ्यासोबत पीआर मिळेल का? आणि पुढे जर्मन पासपोर्ट घ्यावा का?
— एक वाचक, ड्रेस्डेन

सोबत नाही. तिला आधी कुटुंब परवाना मिळतो, त्यावर कुठलंही काम करता येतं. तुमच्याकडे 18सी चा पीआर असेल, तिच्या परवान्याला तीन वर्षं झाली असतील, ती आठवड्याला किमान 20 तास काम करत असेल आणि तिचं बी1 झालं असेल, तर तिला स्वतःचा पीआर मिळू शकतो. तिचे जर्मनचे वर्ग लग्नाआधी सुरू होऊ द्या. तुमच्या 18बी किंवा ब्लू कार्डामुळे व्हिसाला परीक्षा लागणार नसली तरीही.

पासपोर्टचं. 27 जून 2024 पासून जर्मन नागरिकत्वासाठी पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. तीन वर्षांची खास वाट ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाली. जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन झालात की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड घ्यायचं. ओसीआयवर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे जमिनीचे व्यवहार अर्धवट असतील तर ते आधी मार्गी लावा.

आणि मूल होण्याचा विचार असेल तर ही तारीख डोक्यात ठेवा: जन्माच्या दिवशी आईवडिलांपैकी एकाचं जर्मनीतलं कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचं झालेलं असेल आणि पीआर हातात असेल, तर मूल जन्मतः जर्मन नागरिक ठरतं. तेव्हा अटी पूर्ण झाल्यावर पीआरचा अर्ज ‘सवडीनं करू’ म्हणून ठेवून देऊ नका. फी 113 युरो आहे.